चार दिवसांचे इस्तंबूल : एका सहलीची आखणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत आमच्यासारख्या सामान्य प्रवाशांना बोलावल्याबद्दल कार्यकारिणीचे आभार मानणे हे आमचे पहिले कर्तव्य आहे. याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर विद्वानांची भाषणे ऐकली आहेत. आम्ही उभयता काही विद्वान नव्हे. आमच्यापैकी एकाने बँकेत आयुष्य काढले, दुसरीने शाळेचे ग्रंथालय सांभाळले. कोलकात्यात राहूनही आमचे घर मराठी राहिले, एवढीच आमची मिळकत. तेव्हा इतिहासाचे पांडित्य आमच्याकडून अपेक्षू नये. एका प्राचीन शहरात चार दिवस घालवायचे असतील तर त्यांची आखणी कशी करावी, आणि आम्ही ती एकदा किती वाईट केली, हे सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

शहर इस्तंबूल. आपण शाळेत त्याचे नाव कॉन्स्टँटिनोपल असे शिकलो. ‘इ. स. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले’ हे वाक्य ज्याने पाठ केले नाही असा मराठी शाळेत शिकलेला माणूस या सभागृहात क्वचितच सापडेल. पुढचे वाक्यही आपल्याला आठवत असेल : ‘त्यामुळे पूर्वेकडील व्यापाराचा मार्ग बंद झाला व युरोपीय लोक हिंदुस्थानचा जलमार्ग शोधू लागले.’ ही दोन वाक्ये आमच्या आत्याबाईंनी साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवली. निवृत्तीनंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि आपल्या मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग चालवू लागल्या, हे आपण जाणताच. ते शहर एकदा डोळ्यांनी पाहावे ही त्यांची इच्छा होती. ती पुरी करण्यासाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये आम्ही तिघे प्रथम इस्तंबूलला गेलो.

त्या वेळी आम्ही केलेली यादी अजून जपून ठेवली आहे. चार दिवसांत एकवीस स्थळे! प्रत्येक स्थळापुढे वेळ लिहिलेली, अगदी आगगाडीच्या वेळापत्रकासारखी. पैसे खर्च करून इतक्या दूर जायचे, तर काही सुटता कामा नये, हा मध्यमवर्गीय हिशेब त्यामागे होता. शहर टेकड्यांवर वसलेले आहे, हे पुस्तकात वाचले होते. पण चढ आणि उतार हे आत्याबाईंच्या गुडघ्यांनी चढायचे आणि उतरायचे आहेत, हे आमच्या ध्यानात आले नाही. हॉटेल घेतले तेही ताक्सिमजवळ, एका तीव्र उतारावरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी, रविवारी, झाकलेला मोठा बाजार पाहायला निघालो, तर तो रविवारी बंद असतो हे दाराशी गेल्यावर कळले. त्या व्यर्थ पायपिटीने आत्याबाईंचा गुडघा सुजला. पुढचे दोन दिवस त्या हॉटेलच्या खोलीत बसून राहिल्या आणि आम्ही दोघे यादी पुरी करीत फिरलो. ‘तुम्ही पाहून या, मला सांगा’ असे त्या म्हणाल्या खऱ्या. परंतु ते ऐकून निघून जाण्याचा निर्णय आमचा होता.

मंगळवारी तोपकापी राजवाडा पाहायचा होता. ट्रामच्या नकाशावर ‘तोपकापी’ असे ठळक नाव दिसले. आम्ही निश्चिंतपणे त्या थांब्यावर उतरलो. समोर रुंद रस्ते, वाहनांची वर्दळ, एक बाग, आणि पलीकडे पडझड झालेला एक लांबच लांब तट. राजवाड्याचे नाव नाही. विचारपूस करता समजले की राजवाडा येथून चार-पाच किलोमीटर मागे, सुलतानअहमदच्या थांब्याजवळ आहे. आम्ही तो केव्हाच मागे टाकला होता. घाईघाईने उलट ट्राम धरली. राजवाड्याच्या दाराशी पोहोचलो तर तेथे पाटी : मंगळवारी बंद.

रात्री जेवताना हा सारा फजितीचा प्रकार आम्ही आत्याबाईंना हसत हसत सांगितला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, ‘‘तट होता म्हणालात ना? कसा होता?’’

आम्ही म्हणालो, ‘‘जुनाट होता. पडलेला. आम्ही काही नीट पाहिला नाही, आत्या.’’

‘‘अरे,’’ त्या हळूच म्हणाल्या, ‘‘तोच तो तट.’’

तोपकापी म्हणजे तोफेचा दरवाजा. ‘तोफ’ हा आपला मराठी शब्द मुळात तुर्कीच, त्यांच्याकडे ‘तोप’. १४५३ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसऱ्या महंमद सुलतानाने ओर्बान नावाच्या हंगेरियन कारागिराकडून ओतवून घेतलेली प्रचंड तोफ याच भागातील तटावर रोखली होती, आणि २९ मे रोजी त्याचे सैन्य याच बाजूने आत शिरले. शहराच्या दुसऱ्या टोकाला समुद्राकाठी तोफेचा असाच आणखी एक दरवाजा होता, त्यावरून पुढे राजवाड्याला नाव पडले. म्हणजे आमच्या चुकीने आम्हाला नेमके तेथे नेऊन सोडले होते जेथे आत्याबाईंना एकतीस वर्षे जायचे होते. आम्ही त्या तटाकडे पाठ फिरवून परत आलो, आणि ज्यांना तो ओळखू आला असता त्या हॉटेलच्या खोलीत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान होते. तट राहिला.

पुढे साथीची वर्षे आली, प्रवास थांबले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दुर्गापूजा आणि कोजागिरी आटोपल्यावर व दिवाळीच्या आधी, आम्ही तिघे पुन्हा गेलो. आत्याबाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. या खेपेची आखणी आम्ही एका वेगळ्या प्रश्नापासून केली. ‘काय काय पाहायचे?’ असे न विचारता ‘आत्याबाईंना काय पाहायचे आहे, आणि त्यांचे गुडघे किती चालतील?’ असे विचारले. एकवीस स्थळांची यादी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी लाल पेन्सिलने, जशी उत्तरपत्रिका तपासावी तशी, एकेक नाव खोडायला आरंभ केला. शेवटी उरली पाच. प्रत्येक दिवशी एक मोठी गोष्ट, आणि तिच्या जवळपास जे सहज घडेल ते. सबंध प्रवासात चढण एकच, आणि ती कोणती हे त्या ठरवणार.

आता थोडे व्यवहाराचे बोलू. कारण आमच्या मागाहून जाणाऱ्यांना त्याचाच उपयोग.

प्रथम ऋतू. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. एप्रिलमध्ये बागांतून ट्यूलिप फुलतात. हे फूल युरोपात सोळाव्या शतकात तुर्कस्तानातूनच गेले. हिवाळ्यात पाऊस आणि बोचरा वारा असतो, क्वचित बर्फही पडते. रमजान व त्यानंतरच्या सणाचे दिवस कोठे येतात ते पंचांगासारखे आधी पाहावे, कारण तेव्हा वेळा बदलतात.

दुसरा प्रश्न परवान्याचा. भारतीय पारपत्रावर व्हिसा आवश्यक आहे. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा युरोपातील शेंगेन देशांचा वैध व्हिसा हाती असेल त्यांना काही अटींवर संगणकाद्वारे ई-व्हिसा मिळू शकतो. इतरांनी रीतसर अर्ज करावा. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी सरकारी सूचना पाहाव्यात. येथे आणखी एक गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने घेतलेल्या भूमिकेनंतर आपल्याकडील अनेक कुटुंबांनी तेथील सहली रद्द केल्या. जावे की न जावे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. आम्ही गेलो ते त्यापूर्वी. आज ना उद्या कोणास जावेसे वाटले, तर हे अनुभव कामी यावेत, इतकाच आमचा हेतू.

तिसरे, राहण्याची जागा. या वेळी आम्ही सिर्केजी भागात, ट्रामच्या रुळांपासून दोनशे पावलांवर, सपाट रस्त्यावरचे आणि लिफ्ट असलेले हॉटेल घेतले. खोली लहान होती. परंतु दाराशी ट्राम आणि दहा मिनिटांवर एमिनोन्यूचा धक्का असल्यावर मोठ्या खोलीचे करायचे काय? प्रवासाचे एक कार्ड मिळते, त्याला इस्तंबूलकार्त म्हणतात. ट्राम, भुयारी गाडी, बस आणि होडी या सर्वांना ते चालते, आणि एकाच कार्डावर घरातील अनेक माणसे प्रवास करू शकतात.

चौथी गोष्ट वारांची, जिने आम्हाला एकदा फसवले होते. तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, दोल्माबाहचे राजवाडा सोमवारी बंद, झाकलेला मोठा बाजार रविवारी बंद. मसाल्यांचा बाजार मात्र रविवारीही उघडा. मशिदींत नमाजाच्या वेळी, विशेषतः शुक्रवारी दुपारी, पर्यटकांना प्रवेश नसतो. एका कागदावर आडवे वार आणि उभी स्थळे मांडून फुल्या मारल्या की निम्मी आखणी आपोआप होते. दरांचे आकडे आम्ही मुद्दाम सांगत नाही, कारण तेथील लिरा गेली काही वर्षे झपाट्याने घसरत आहे आणि आजचा भाव उद्या राहत नाही.

आम्ही शनिवारी दुपारी पोहोचलो. त्या दिवशी पाहण्यासारखे काहीही ठेवले नव्हते. संध्याकाळी एमिनोन्यूहून उस्कुदारला जाणाऱ्या होडीत बसलो, एवढेच. होडी म्हणजे आपल्या बाबूघाट-हावड्याच्या लाँचची थोरली बहीण : वर गच्ची, खाली बाके, आणि लहानशा पेल्यातून चहा विकणारा माणूस. वीस मिनिटांत युरोप सोडून आशिया. बॉस्फरसची सामुद्रधुनी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे, आणि जेथे ती सर्वांत अरुंद आहे तेथे दोन काठांत जेमतेम ७०० मीटर अंतर आहे. त्या लहानशा पाण्यासाठी अडीच हजार वर्षे साम्राज्ये झगडली. मावळतीला सारे शहर समोर दिसत होते. मिनार, घुमट, गलाता पुलावर रांगेने उभे असलेले मासे धरणारे. आत्याबाईंनी एक पायरीही चढली नव्हती आणि त्यांना सर्व दिसले. आम्हाला मनातून शरम वाटली. २०१८ मध्ये ही होडी आमच्या यादीत अठराव्या क्रमांकावर होती आणि वेळेअभावी राहून गेली होती.

रविवार अया सोफियाचा. आत्याबाईंनी आपली एकुलती एक चढण येथे खर्च केली. सम्राट जस्टिनियनने ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच वर्षांत हे चर्च उभारले. सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट, त्याच्या तळाशी चाळीस खिडक्या. ५५८ मध्ये भूकंपांनी खिळखिळा झालेला तो घुमट कोसळला, तेव्हा ५६२ पर्यंत पुन्हा अधिक उंच बांधून काढला. १४५३ नंतर चर्चची मशीद झाली, १९३५ मध्ये ते संग्रहालय म्हणून उघडले, आणि २०२० च्या जुलैपासून ती पुन्हा मशीद आहे. जानेवारी २०२४ पासून खालचा मजला उपासनेसाठी राखून परदेशी प्रवाशांना वरच्या सज्जात तिकिटाने सोडतात. आम्ही गेलो तेव्हा ते माणशी २५ युरो होते. स्त्रियांनी डोक्यावर घेण्यासाठी ओढणी जवळ बाळगावी. चढायला आम्हाला बराच वेळ लागला. घाई कसली होती? त्या दिवशी दुसरे काही नव्हतेच.

सज्जात भिंतीवर रंगीत काचतुकड्यांनी घडवलेले ख्रिस्ताचे एक तेराव्या शतकातले चित्र आहे. खालचा बराच भाग नष्ट झाला आहे, चेहरे मात्र शाबूत आहेत. आत्याबाई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग घुमटाकडे पाहत म्हणाल्या, ‘‘आपला विजापूरचा गोलघुमट याहून मोठा. पण तो याच्यानंतर अकराशे वर्षांनी झाला, हे विसरायचे नाही.’’ आणि त्यांनी आम्हाला फिरिश्त्याने लिहिलेली गोष्ट सांगितली : विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हा उस्मानी सुलतान दुसऱ्या मुरादाचा मुलगा, म्हणजे इस्तंबूल जिंकणाऱ्या महंमदाचा भाऊ, आणि जिवाच्या भीतीने लहानपणीच त्याला गुप्तपणे देशाबाहेर पाठवले. इतिहासकार ही गोष्ट खरी मानीत नाहीत. परंतु ज्या दरबारात शहाजीराजांनी चाकरी केली, त्या दरबाराला आपले मूळ या शहराशी जोडावेसे वाटले, ही गोष्ट तर खरीच.

त्याच दिवशी बाहेरच्या मैदानात बसून राहिलो. रोमन काळी येथे रथांच्या शर्यती होत. तेथे इजिप्तहून आणलेला, ३९० साली उभारलेला पाषाणस्तंभ आहे आणि ग्रीसमधील डेल्फीहून आणलेला सर्पाकृती कांस्यस्तंभही आहे. जवळच जमिनीखाली ३३६ खांबांचे प्राचीन जलाशय आहे. पायऱ्या उतरायच्या असल्याने आत्याबाई बाकावर बसल्या आणि आम्ही पाळीपाळीने खाली जाऊन आलो. कोणी एकट्याने मागे राहायचे नाही, हा या सहलीचा नियम होता.

सोमवारी सकाळी पुन्हा तीच ट्राम, तोच तोपकापीचा थांबा. वाटेत ‘अक्सराय’ असे नाव पुकारले गेले. आत्याबाईंनी त्याची कथा सांगितली. शहर जिंकले तेव्हा ते ओस पडले होते. सुलतानाने आपल्या मुलखातून कुटुंबेच्या कुटुंबे आणून येथे वसवली, बहुतेकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध. अनातोलियातील अक्सराय गावच्या लोकांनी आपल्या वस्तीला आपल्याच गावाचे नाव दिले. शहराच्या उत्तरेला बेलग्राद नावाचे रान आहे, ते १५२१ मध्ये बेलग्रादहून आणलेल्या सर्ब लोकांमुळे. १४९२ मध्ये स्पेनने आपल्या ज्यू प्रजेला हाकलले तेव्हा त्यांतील पुष्कळ येथे आले. त्यांनी घरातली जुनी स्पॅनिश बोली, जिला लादिनो म्हणतात, पाचशे वर्षे टिकवली. आज ती बोलणारे फार थोडे उरले आहेत. तरी त्यांच्या एका साप्ताहिकात तिच्यासाठी अजून एक पान राखलेले असते. मंडळींनो, पन्नास वर्षांच्या मंडळात आपण मुलांच्या मराठीविषयी काळजी करतो. ट्रामच्या त्या डब्यात आम्हाला या रविवारच्या वर्गाची आठवण झाली.

तट तेथेच होता. सम्राट दुसऱ्या थिओडोसियसच्या कारकिर्दीत, पाचव्या शतकाच्या आरंभी, मार्मारा समुद्रापासून सुवर्णशृंग खाडीपर्यंत सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीची ही तटबंदी बांधली : आधी खंदक, मग बाहेरची भिंत, मग आतली उंच भिंत. कोठे विटांचे पट्टे, कोठे चुनखडीचे चिरे. दक्षिणेकडे येदीकुलेच्या बाजूस खंदकातच पिढ्यान्‌पिढ्या भाजीचे मळे पिकवीत आले आहेत. तटावर चढण्याचा मोह तरुणांनीही टाळावा; पायऱ्या मोडक्या आहेत. समोरच्या बागेतल्या बाकावरून तो पुरेसा दिसतो. जवळच १४५३ च्या वेढ्याचे वर्तुळाकार भव्य चित्र असलेले एक संग्रहालय २००९ पासून आहे, मुलांना ते आवडेल. आत्याबाई तेथे आल्या नाहीत. त्यांना खरा तट पाहायचा होता.

त्या बाकावर सुमारे दीड तास आम्ही बसलो. आत्याबाईंनी प्रथम वेढ्याची हकीकत सांगितली : खाडीच्या तोंडावर ताणलेली साखळी, ती चुकवण्यासाठी टेकडीवरून लाकडी घसरणीवरून ओढून नेलेली जहाजे, तटावर लढत मेलेला शेवटचा सम्राट अकरावा कॉन्स्टंटाइन. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘पहिले वाक्य मी खरे शिकवले. दुसरे मात्र पुरते खरे नव्हते.’’

कसे, ते त्यांनी समजावून दिले. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतील सेउटा घेतले ते १४१५ मध्ये, आणि १४५३ पूर्वीच त्यांची जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याने बरीच खाली उतरली होती. हिंदुस्थानचा मसाला युरोपात जाई तो मुख्यतः तांबड्या समुद्रातून, इजिप्तमार्गे, अलेक्झांड्रियाहून व्हेनिसला. इजिप्त तुर्कांच्या हाती आले १५१७ मध्ये. वास्को द गामा कालिकतला पोहोचला त्याच्या एकोणीस वर्षे आधी. तेव्हा ‘मार्ग बंद झाला म्हणून’ हे कारण इतके सरळ नाही. मसाला स्वस्तात आणि मधल्या दलालांवाचून मिळावा, ही ओढ आधीपासूनची होती.

‘‘निवृत्तीनंतर वाचनात आले मला हे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एकतीस वर्षांच्या मुलींना आता कोठे शोधू? म्हणून वाटत होते, निदान येथे येऊन एकदा नीट म्हणावे.’’

यावर काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांना का यायचे होते हे आम्ही विचारलेसुद्धा नव्हते. ‘वयस्कर माणसाला हौस आहे’ एवढेच आम्ही धरून चाललो होतो. सहलीची आखणी करताना बरोबरच्या प्रत्येकाला हा एक प्रश्न आधी विचारावा, हे आमचे आजच्या भाषणातील मुख्य सांगणे आहे. तिकिटे, हॉटेले आणि वार हे सारे त्यानंतर.

मंगळवारी सुलेमानिये मशीद आणि मोठा बाजार पाहिला. मशीद टेकडीवर आहे, म्हणून टॅक्सीने थेट दाराशी गेलो. वास्तुशिल्पी सिनानने १५५० ते १५५७ या काळात ती बांधली, आणि भोवती शाळा, रुग्णालय, स्नानगृह व गोरगरिबांसाठी अन्नछत्र. त्या अन्नछत्राला तुर्कीत ‘इमारेत’ म्हणतात. मूळ शब्द तोच, आपल्याकडे येऊन नुसती ‘इमारत’ झाला. असे शब्द तेथे पावलोपावली भेटतात. दुकानाला ‘दुक्क्यान’, साबणाला ‘साबुन’, मैदानाला ‘मेयदान’, पडद्याला ‘पेर्दे’, आणि जेवणानंतर बिल मागायचे तर म्हणायचे ‘हेसाप’, म्हणजे आपला हिशेब! फारसी-अरबीच्या एकाच भांडारातून दोन्ही भाषांनी उचललेले हे शब्द. बाजारात सुमारे साठ गल्ल्या आणि हजारो दुकाने आहेत. तेथे एकच दार लक्षात ठेवावे आणि त्याच दाराने बाहेर पडावे, नाहीतर माणसे हरवतात.

शाकाहारी मंडळींनी चिंता करू नये, मात्र सावध राहावे. मसुरीचे सूप, ज्याला मर्जिमेक चोर्बासी म्हणतात, सर्वत्र मिळते. पण काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात शिजवलेले असते, आणि भातही तसाच असू शकतो. ‘एतसिझ’ म्हणजे बिनमांसाचे, हा शब्द पाठ करावा. आणि ‘एत सुयू’ म्हणजे मांसाचे पाणी, ते आहे काय हेही विचारावे. तेलात शिजवलेल्या वांग्याचा ‘इमाम बायिल्दी’ नावाचा पदार्थ आहे. अर्थ असा की, इमाम खाऊन बेशुद्ध पडला. तीळ लावलेले कडे, म्हणजे सिमित, रस्त्यावर मिळते. बटाटा किंवा पालक घातलेली ग्योझलेमे पाहून आत्याबाई म्हणाल्या, ‘‘हा तर पराठाच.’’ आणि आयरान म्हणजे साक्षात ताक. त्यात मीठ असते, जिरे नाही.

शेवटचा दिवस, बुधवार, आशियाच्या काठावर घालवला. कादिकय, म्हणजे काझीचे गाव, हे समोरच्या शहराहूनही जुने. हे गाव वसवणारे आंधळेच असले पाहिजेत, समोरची अशी जागा त्यांना दिसली नाही, अशी जुनी आख्यायिका आहे. तेथून टॅक्सीने हायदरपाशाच्या दफनभूमीत गेलो. हे पाचवे नाव यादीत आत्याबाईंनीच राखले होते. क्रिमियन युद्धापासूनची ही ब्रिटिश सैनिकांची जागा. पहिल्या महायुद्धानंतर, १९१८ ते १९२३ या काळात, दोस्त सैन्याने इस्तंबूल व्यापले होते, आणि त्यात हिंदी पलटणीही होत्या. १९१९ व १९२० या वर्षांत मरण पावलेल्या १२२ हिंदी सैनिकांचे एक स्मारक त्या आवारात आहे. लढाई संपलेली, घरी परतण्याचे दिवस जवळ आलेले, आणि ही माणसे परक्या मुलखात गेली. समुद्रावरून वारा येत होता. आत्याबाईंनी बाजारातून घेतलेली चार फुले तेथे ठेवली आणि हात जोडले. परतीच्या होडीत कोणी फारसे बोलले नाही.

या चार दिवसांत आम्ही तोपकापी राजवाडा आत जाऊन पाहिला नाही. दोल्माबाहचे पाहिला नाही, गलाताचा मनोरा चढलो नाही, कारियेची प्रसिद्ध चित्रे राहिली. ज्यांना ही स्थळे प्रिय असतील त्यांनी ती आपल्या पाचांत जरूर घ्यावीत. आमची पाच नावे आपण उतरवून घ्यावीत असा आग्रह नाही. मात्र आपल्या घरातील ज्याचे पाय सर्वांत मंद आहेत, त्याच्या चालीने दिवस मोजावेत, एवढा आग्रह आहे.

आत्याबाई आज समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि आपले नाव भाषणात आल्याबद्दल त्या घरी आम्हाला बोलणार आहेत. रविवारच्या वर्गात त्या मुलांना आता १४५३ चे पहिले वाक्य फळ्यावर लिहून देतात. दुसऱ्या वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाऐवजी प्रश्नचिन्ह काढतात आणि पुढच्या रविवारपर्यंत उत्तर शोधून आणायला सांगतात. वर्गातली मुले घरी जाऊन आईवडिलांना विचारतात. गेल्या महिन्यात तीन पालकांनी आम्हाला दूरध्वनी केला.